ग्लाइड बेट: आपल्या तलावांवर संथ हातानं मरळ कशी उठवायची

पहिल्यांदा ग्लाइड बेट, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, घेऊन तलावाच्या पाळीवर उभा राहिलो, तेव्हा जाळं झटकत बसलेल्या ढिवर काकांनी ते हातात घेऊन तोललं. वीतभर लांब, मधोमध सांधा, पोटाखाली दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ. काका म्हणाले, "मास्तर, हे लाकडाची मासोरी कोन खाईल जी?"

त्या दिवशी कोणीच खाल्ली नाही. पुढचे दोन महिनेही नाही. चूक बेटाची नव्हती, माझ्या हाताची होती. मी ते फिरत्या पात्याच्या स्पिनरसारखं भराभरा ओढत होतो. खालचं सगळं त्या दोन महिन्यांतल्या आणि नंतरच्या चार हंगामांतल्या चुकांमधून आलेलं आहे. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, इटियाडोह आणि गोसेखुर्दचं मागचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. वर्धा-यवतमाळकडच्या धरणांवर थोडा फरक पडेल, हात तोच राहील.

ही वस्तू आहे काय

माशाच्या आकाराचं टणक शरीर, त्याचे दोन तुकडे आणि मध्ये एकच सांधा. तोंडाला पाणी कापणारी पट्टी नसते, म्हणून ओढल्यावर ते खाली बुडी मारत नाही की थरथरत नाही. डावीकडे घसरतं, थबकतं, मग उजवीकडे घसरतं. वरून पाहिलं तर नागमोडी वाट दिसते. तीन-चार सांध्यांचं बेट सापासारखं वळवळतं. ग्लाइड बेटाची ऐट वेगळी आहे, ते शेपूट फारसं न हलवता वाहतं. पोट भरलेला, बेफिकीर मासा चालतो तसं.

हा प्रकार वाढला अमेरिकेत आणि जपानात. कॅलिफोर्नियातल्या जलाशयांत रेनबो ट्राउट सोडतात, मोठे लार्जमाउथ बास ते खाऊन माजतात, आणि त्या बासला लहान लूर, म्हणजे नकली आमिष, दिसतही नाही. म्हणून वीत-दीड वीत लांबीची बेटं आली. गॅन क्राफ्टचं जॉइंटेड क्लॉ १७८, रिव्हर टू सीचं एस-वेव्हर १६८ ही नावं ऐकली असतील. त्यातले आकडे म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. आपल्याकडे बास नाही. आपल्याकडे मरळ आहे, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असलेली मोठी मरळ आहे, आणि नदी-धरणात शिवडा आहे. तिघेही दबा धरून मारणारे, आणि तिघांनाही एका घासात पोट भरलेलं आवडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शिंगाड्याच्या वेलीत, कमळाच्या पानांत, बेशरमच्या झुडपाखाली बसलेली मरळ काढायची असेल, तर घरी जाऊन बेडूक लूर घेऊन या. दोन ट्रेबलवालं बेट तिथं टाकणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. ग्लाइड बेटाची जागा आहे मोकळं पाणी आणि हिरवळीची कड. त्याचा खरा उपयोग मासा धरण्याइतकाच मासा शोधण्याचा आहे. ते मरळीला दबा सोडून बाहेर यायला लावतं. ती मागे आली आणि न खाता वळली, तरी तिचं घर कुठं आहे हे तुम्हाला कळलं.

आधी परवानगी

आपले बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. त्यात बीज टाकलेलं असतं, त्यावर घरं चालतात. संस्थेच्या माणसाला भेटा, गळ दाखवा, कटला-रोहूला हात लावणार नाही हे सांगा. हे बेट ते खातही नाहीत. मला आजवर क्वचितच नकार आला. मासा ठेवायचा असेल तर त्याचे पैसे द्या. धरणाच्या भिंतीजवळ आणि दारांपाशी पाटबंधारे खात्याची मनाई असते, ती पाळा. तोतलाडोह, ताडोबाचा तलाव असं व्याघ्र प्रकल्पातलं पाणी तर विषयच नाही.

पावसाळ्यात मी हे बेट बाहेर काढत नाही. मरळ तेव्हा विणीवर असते. लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरताना दिसला तर खाली आईबाप पहाऱ्याला असतात आणि जे समोर येईल त्याला मारतात. तेव्हा मरळ लावणं सोपं आहे. पण राखण गेली की ती पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

सामान

पहिलं बेट १२० ते १७० मिलिमीटरचं, ३० ते ६० ग्रॅमचं घ्या. त्याहून मोठं आपल्या तलावांत हौस म्हणून ठीक. घेताना वजनाइतकंच बुडण्याचा वेग बघा. तरंगणारं, सावकाश बुडणारं आणि झपकन बुडणारं असे तीन प्रकार येतात. पाच-सहा फूट पाण्याच्या, तळाला गाळ आणि गवत असलेल्या मालगुजारी तलावात सावकाश बुडणारंच चालतं. झपकन बुडणारं गोसेच्या खोल पाण्यासाठी ठेवा.

रॉड सात ते साडेसात फुटाचा, मीडियम हेवी किंवा हेवी. त्यावर लूरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. ६० ग्रॅमचं बेट २८ ग्रॅमच्या रॉडवर भिरकावलं तर एक दिवस टोक हातात आणि बेट तलावात. रीळ बेटकास्टिंग, म्हणजे रॉडच्या वर बसणारं आणि अंगठ्यानं दाबता येणारं, असेल तर उत्तम, कारण यात सगळा खेळ हँडलच्या पाव-अर्ध्या फेऱ्यांचा आहे आणि तो त्याच्यावर नेमका जमतो. ४००० नंबरचं स्पिनिंग रीळही चालतं, मी पहिलं वर्ष त्यावरच काढलं.

दोर म्हणून ४० ते ५० पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि तिच्यापुढे लीडर म्हणून दोन-अडीच फूट फ्लुरोकार्बन किंवा जाड मोनो (एकपदरी नायलॉन), ४० पौंडाच्या आसपास. मरळीचे दात आणि शिवड्याच्या जबड्यातली कानस लीडर खरवडतात. दर माशानंतर त्यावरून नख फिरवून बघा, खरखरीत लागला की कापून नवा बांधा. तारेचा लीडर लावू नका. त्याच्या ताठपणानं लहान बेटाची चाल मरते. बेट थेट गाठीनं बांधायचं नाही, गोल तोंडाच्या मजबूत स्नॅपमध्ये, म्हणजे उघडता येणाऱ्या तारेच्या कडीत, अडकवायचं, म्हणजे नाक मोकळं फिरतं. स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी, नको.

पोलराइज्ड चष्मा ही चैन नाही. ग्लाइड बेट डोळ्यांनी खेळायची गोष्ट आहे. पाण्यावरची चमक कापली नाही तर मागे आलेला मासा दिसणारच नाही, आणि तो दिसला नाही तर पुढचं अर्धं लिखाण वाया. सोबत लांब तोंडाचा पक्कड, तार कापायचा कटर आणि तोंड धरायचा ग्रिपर.

शेततळ्यात तालीम

नवं बेट घेऊन थेट तलावावर जाऊ नका. गावात कोणाचं तरी प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं असतं. पाणी नितळ, उभं राहायला काठ उंच. प्लॅस्टिकला भोक पडलं तर मैत्री तुटेल, म्हणून दोन्ही ट्रेबल काढून तेवढ्याच वजनाचं शिसं रिंगमध्ये अडकवा. मग तीन गोष्टी तपासा.

बेट पाण्यात सोडा आणि एक-दोन-तीन मोजा. फूटभर जायला तीन-चार सेकंद लागले तर ते खऱ्या अर्थानं सावकाश बुडणारं. पोट खाली ठेवून आडवं, किंवा नाक किंचित खाली करून बुडायला हवं. शेपूट आधी जात असेल तर पुढच्या ट्रेबलच्या कडीशेजारी पोटाला शिशाची चिकटपट्टी नखाएवढी लावा, परत सोडा, परत बघा. कुशीवर कलंडत असेल तर सांधा, कड्या आणि नाकाची कडी सरळ आहेत का ते पाहा. यात घाई नको, अर्ध्या ग्रॅमनं फरक पडतो. थंड पाणी जड असतं, त्यामुळे मे महिन्यात हळूच बुडणारं तेच बेट जानेवारीच्या पहाटे जवळजवळ तरंगत राहतं. थंडीसाठी वेगळी पट्टी जवळ ठेवा.

दुसरं, सांधा. बेट शेपटीकडून धरून हलवा, पुढचा तुकडा आपल्या वजनानं डोलला पाहिजे. रेतीचा एक कण अडकला तरी चाल लंगडी होते.

तिसरं म्हणजे तुमचा वेग, आणि यासाठीच शेततळं लागतं. एकदम हळू ओढायला सुरुवात करा, इतकं हळू की कंटाळा येईल. मग थोडं वाढवत जा. एका वेगाला बेट सगळ्यांत रुंद वळणं घेतं. त्याच्या पुढे गेलात की वळणं आखडतात आणि ते सरळ, मुकाट येतं. तो रुंद वळणाचा वेग मनगटात मुरवा. माझ्या रिळावर हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर दोर येतो, आणि माझ्या बेटाला दोन सेकंदांत एक फेरा मानवतो. तुमचा आकडा वेगळा निघेल.

कधी, कुठे

दिवाळीपर्यंत पाणी गढूळ असतं. धानाला शेवटचं पाणी सोडलं की तलाव उतरायला लागतो आणि नितळतो. डिसेंबर-जानेवारीत मरळ सुस्तावते, तेव्हा सकाळी दहाच्या आत जाण्यात अर्थ नाही, उन्हानं काठचं पाणी तापू द्या. माझ्या मते खरा काळ मध्य फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. पाणी कमी, नितळ आणि कोमट. त्यानंतर उतरलेल्या पाण्यात संस्थेची जाळी सुरू होतात, तेव्हा त्यांच्या पायात येऊ नये.

त्याच दिवसांत मोहफुलं पडतात. पहाटे मोहाखाली अस्वल येतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच तलावांच्या एका बाजूला जंगलच असतं. एकट्यानं, अंधारात, पाण्याकडे तोंड आणि झाडीकडे पाठ करून उभं राहणं हा शहाणपणा नाही. दोघं जा, उजाडल्यावर जा. पाळीच्या दगडांत घोणस असते, खाली बघून बसा.

पोचल्यावर पहिला पाव तास रॉडला हात लावू नका. मरळीला श्वासासाठी वर यावंच लागतं. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. कुठेतरी 'भुडुक' होतं, एक गोल वलय उठतं. ती जागा लक्षात ठेवा. काका तर वलयाच्या आकारावरून मरळ केवढी ते सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

मग जागा धरा. सांडव्याचं तोंड, ज्याला इकडे सलंग म्हणतात. पाणी सोडायच्या तुडुमाच्या पुढचा खड्डा. तलाव बांधण्याआधी तिथून वाहणाऱ्या नाल्याची जुनी खोल रेघ, जी उन्हाळ्यात तलाव आटल्यावर एकदा पाहून ठेवली की जन्मभर कामी येते. शिंगाड्याच्या वेलीची बाहेरची कड. गोसेच्या मागच्या पाण्यात बुडालेली वाळकी झाडं, मात्र तिथं बेट गमावायची तयारी ठेवा.

फेकणं आणि ओढणं

बेट टोकापासून हातभर लोंबत सोडा आणि झोक्यासारखं सावकाश भिरकवा. झटका दिला की सांध्यातून दुमडतं, हवेत कोलांट्या खातं आणि पुढचा गळ दोरात अडकतो. पाण्यावर पडायच्या क्षणभर आधी अंगठ्यानं रीळ हलकेच दाबा, म्हणजे बेट सरळ होऊन उतरेल. माशाच्या डोक्यावर कधीच टाकू नका. जागेच्या दोन-तीन मीटर पुढे टाका आणि जागेवरून आणा. पाळीवर उभं राहून सरळ तलावाच्या मध्यात फेकायची सगळ्यांना हौस असते. मरळ असते काठाला. पाळीला समांतर फेकलंत तर बेट सगळा वेळ कामाच्या पाण्यात राहतं.

मनात मोजून हव्या त्या खोलीपर्यंत बुडू द्या. रॉडचं टोक खाली, जवळजवळ पाण्याकडे ठेवा. आता तो मुरवलेला वेग सुरू करा. सुरुवातीचे आठ-दहा फेक नुसते असेच, एकसुरी. लोकांना हे साधं वाटतं म्हणून ते सोडून देतात. माझ्या निम्म्याहून जास्त मरळी याच ओढीवर आल्या.

त्यानं काही झालं नाही की अर्धा फेरा. हँडल अर्धं फिरवा आणि थांबा, पण थांबताना दोर ढिला पडू द्या. बेट डावीकडे घसरत जाईल. घसरण संपता संपता परत अर्धा फेरा, आता उजवीकडे. दोर ताठ ठेवलात तर बेटाचं नाक तुमच्याकडे ओढलेलं राहतं आणि घसरण अर्ध्यातच मरते. हा ढिलेपणा शिकायलाच मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण लहानपणापासून गरी टाकताना दोर ताठ ठेवायचीच सवय. हे काम रॉडच्या टोकानंही करता येतं, पण हँडलनं केलं की दर खेपेला दोर सारखाच येतो आणि मासा लागला तर रॉड मोकळा असतो.

तिसरी चाल क्वचित वापरायची. दोन फेरे झटकन आणि एकदम थांबा. बेट गर्रकन वळतं आणि तोंड मागे करतं. पाठलाग करणाऱ्याला वाटतं भक्ष्यानं आपल्याला पाहिलं.

मागे आला, आता काय

चष्म्यातून एक काळी सावली बेटाच्या मागे हातभर अंतरावर दिसते. इथे सगळे एकच चूक करतात, थबकतात. चाललेलं भक्ष्य शिकाऱ्यासमोर बिनकारण उभं राहत नाही. मासा नाक लावतो, ओळखतो आणि वळतो.

सावली दिसली की चाल बदला, पण घाबरल्यासारखी. आधी एक झटक्याचा फेरा, मग ती गर्रकन वळायची चाल. मरळ जवळ आली पण तोंड उघडलं नाही, तर आणखी थोडा वेग वाढवा. पळणाऱ्यामागे धावायचा मोह मरळीला आवरत नाही. बेट काठाला आलं तरी उचलू नका. रॉडचं टोक पाण्यात टेकवून काठाला समांतर डावीकडे न्या, मग उजवीकडे. अमेरिकेत मस्की हा मोठा शिकारी मासा धरणारे होडीशेजारी इंग्रजी आठाचा आकडा काढतात, त्याचाच हा काठावरचा अवतार. मी उकिडवा बसून करतो, उभ्या माणसाची सावली मरळीला कळते.

तरीही वळली तर वळू द्या. लगेच परत तिथंच फेकू नका. जागा वहीत लिहा, वीस मिनिटं दुसरीकडे जा, मग दुसऱ्या कोनातून या, शक्यतो लहान किंवा वेगळ्या रंगाच्या बेटानं. रंगाबद्दल फार डोकं खाऊ नका. नितळ पाण्यात तिलापीचा राखाडी-चंदेरी, गढूळ पाण्यात काळा किंवा भडक पोपटी, बस्स. माझ्या वहीत चौदा पाठलागांच्या नोंदी आहेत जिथे ग्लाइड बेटानं मासा दिला नाही. त्यातल्या पाच मरळी पुढच्या आठवड्याभरात त्याच जागी बेडकावर लागल्या.

लागल्यावर

मरळ बेटाला बगलेतून मारते. डोळ्यांनी दिसतं म्हणून हात आपोआप झटका मारतो आणि बेट तिच्या तोंडातून निघून येतं. दिसलं म्हणून मारू नका, वजन जाणवलं की मारा. रीळ फिरवून दोर ताठ करा आणि रॉड बाजूला ओढा, वर नाही. ट्रेबल धारदार असतील तर एवढ्यानं भागतं. मग रॉड खालीच ठेवा. मरळ वर उसळून डोकं झटकते, आणि ५० ग्रॅमचं बेट तेव्हा तिच्या हातातल्या हातोडीसारखं काम करतं, गळ निसटतो. हिरवळीकडे वळू देऊ नका. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्टच ठेवा, हातानं दोर ओढला तर जेमतेम सरकेल इतका.

गळांचे काटे पक्कडीनं दाबून सपाट करा. हे मी माशाच्या दयेपोटी शिकलो नाही. दुसऱ्या वर्षी मरळ पाळीवर आणली, ग्रिपर पिशवीत होता, हातानं धरली. ती वळली, मागचा ट्रेबल अंगठ्यात शिरला आणि पुढचा अजून तिच्या जबड्यात. दोघं एकमेकांना बांधलेले. सोबत्यानं गळाची दांडी कटरनं कापली तेव्हा सुटका झाली. मग मोटारसायकलवर दवाखाना, भूल देऊन गळ काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा दाबलेला असता तर गळ आला त्या वाटेनं परत गेला असता. सांध्याजवळ किंवा डोळ्याजवळ गळ गेला तर पाळीवर काही करू नका, दांडी कापा आणि डॉक्टरकडे जा.

सोडायची असेल तर हात ओले करा, गवतावर ठेवा, तापल्या दगडावर नको. शिवडा लागला तर मी सोडतोच. मोठे शिवडे आता कमी दिसतात, आणि जागतिक संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याची नोंद असुरक्षित म्हणून आहे.

विकतचं परवडत नसेल तर

बाहेरचं चांगलं बेट काही हजारांना पडतं, आणि वाळक्या झाडात अडकलं की गेलं. आता मी निम्मी बेटं घरी करतो. शिवणाचं लाकूड हलकं आणि कोरायला मऊ असतं, सुताराकडे तुकडे मिळतात. पंधरा सेंटिमीटरचा मासा कोरा, डोक्याकडचा तुकडा शेपटीकडच्यापेक्षा थोडा मोठा ठेवून कापा. कापाच्या दोन्ही कडा तिरक्या तासा, नाहीतर वळायला जागा राहत नाही. पुढच्या तुकड्यात वर-खाली दोन स्क्रू-कड्या, मागच्यात दोन, आणि त्यांतून ओवलेली स्टीलची तार. पोटात भोकं पाडून शिसं ओता, पण कायमचं बुजवण्याआधी शेततळ्यात सोडून बघा. पहिली तीन बिघडतील. माझी पाच बिघडली. चौथ्यानं तर गोल गोल फिरण्यापलीकडे काही केलं नाही, ते आता पुतण्याचं खेळणं आहे.

घरी आल्यावर बेट साध्या पाण्यानं धुवा, सांध्यात फुंकर मारा, सावलीत टांगून वाळवा. मऊ रबरी बेडकांच्या डब्यात ठेवू नका, रबरानं रंग विरघळून चिकट होतो. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. आपल्याकडच्या उन्हात आतली हवा फुगते आणि बेट शिवणीवर उकलतं. माझं सगळ्यांत महाग बेट कोणत्या माशानं नाही, साकोलीच्या बसस्टँडबाहेर दोन तास उभ्या राहिलेल्या डिकीनं खाल्लं.